आत्याचं जुनं पाणी

संस्थेत तिला सगळे आत्या म्हणत. दारावरच्या पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळेच. खरं नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीपुरतं. रक्ताचा म्हणावा असा एकच भाचा, तो आईबापांबरोबर दूरच्या शहरात गेला तो गेलाच. वाढदिवसाला त्याचा फोन यायचा, तोही बहुतेक दुसऱ्या दिवशी. "एक भाचा गेला नि दीडशे मिळाले, माझं काय बिघडलं?" असं आत्या म्हणायची. त्या दीडशेंपैकी एकही कधी तिच्या घरी आला नव्हता, हे मात्र ती म्हणायची नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाहेरून आली की आत्या कुलूप काढायच्या आधी स्वतःच्याच दाराची बेल एकदा दाबून बघायची. वाजते की नाही? न जाणो, बिघडली असेल आणि माणसं वाजवून वाजवून परत जात असतील. बेल ठणठणीत वाजायची. मग ती आत जायची, दिवा लावायची आणि ओट्यापाशी उभ्या उभ्याच जेवून घ्यायची. एकटीसाठी ताट कशाला वाढायचं?

तिचं काम पेशी वाढवायचं. माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. ते माकड कधीच मरून गेलेलं, पण त्याच्या पेशी चपट्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत, गुलाबी पाण्याखाली, गरम कपाटात अजून जगत होत्या. त्या गुलाबी द्रवाला कागदोपत्री मोठं नाव आहे. तिथे सगळे त्याला पाणीच म्हणत. त्यात पेशींचं सगळं खाणंपिणं असतं. पेशी तळाला चिकटतात, वाढत वाढत तळ भरतो, मग त्यांना सोडवून नव्या बाटल्यांत वाटून द्यायचं. पाणी वेळेवर बदललं नाही तर मरतात. त्यांना शनिवार कळत नाही की रविवार.

"या मेल्यांच्या पायी मला कुठे म्हणून जाता येत नाही," अशी तिची अठ्ठावीस वर्षांची तक्रार. आणि आता खरं सांगायचं तर तिला कोणी कुठे बोलावतही नव्हतं. उलट एखाद्या रविवारी पाणी बदलायचं नसलं की तिचा जीव वर-खाली व्हायचा, आणि मग ती उगाचच गरम कपाट पुसायला जायची.

तिच्याकडे स्वतःची एक बाटली होती. फार वर्षांपूर्वी गरम कपाट बिघडून संस्थेच्या सगळ्या पेशी एका दिवसात मेल्या होत्या. वाचली ती एकच बाटली, आत्याने चुकून शेजारच्या कपाटात ठेवलेली. तिच्यापासून सगळं पुन्हा उभं राहिलं. तेव्हापासून ती एक बाटली वेगळी सांभाळायची. संस्थेच्या बाटल्यांची दर महिन्याला जंतूंसाठी तपासणी व्हायची. आत्याची बाटली कुठल्याच यादीत नव्हती, त्यामुळे तिची चौकशी कोणी केली नाही.

या बाटलीतलं वापरलेलं पाणी ती फेकून द्यायची नाही. ते तिच्या पहिल्या गुरूने शिकवलेलं. बाटलीत चारच पेशी पडल्या तर त्या नुसत्या बसून राहतात, वाढत नाहीत. पेशीला पेशीची सोबत लागते. अशा वेळी भरल्या बाटलीतलं थोडं जुनं पाणी त्यांना द्यायचं. दुधाला विरजण लावावं तसं. त्या पाण्यात आधीच्या पेशींनी सोडलेलं काहीबाही असतं, त्याने नव्या पेशी धीर धरतात. साठ्याच्या बाटल्यांना आत्या नियमानेच वागवायची, पण प्रयोगाच्या थाळ्यांत कुठे पेशी मरगळलेल्या दिसल्या की तिचा हात आपोआप जुन्या पाण्याकडे जायचा. हे ती वहीत कधी लिहीत नसे. आमटीत चिमूटभर मीठ वाढवलं तर कोणी लिहून ठेवतं का?

चार वर्षांपूर्वी धाकटी डॉक्टर आली. तिशीतली, चष्मा सतत नाकावर घसरलेला, बोलणं भरभर. तिला व्हॅक्सिनिया नावाचा विषाणू रोखायचा होता. देवीच्या रोगावरची लस ज्याच्यापासून बनायची, तो हा विषाणू. पेशींच्या थरावर तो सोडला की दोन दिवसांत थराला भोकं पडतात. मग वरून जांभळा रंग ओतायचा. जिवंत पेशी रंग धरतात, मेलेल्यांच्या जागी पांढरा डाग उरतो. डाग मोजले की विषाणू किती माजला ते कळतं. आणि डाग मोजण्यात आत्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिने सहासष्ट म्हटलं की सहासष्टच. पुन्हा मोजायच्या भानगडीत कोणी पडायचं नाही.

डॉक्टरने विषाणूवरच्या औषधाच्या एकामागून एक सोळा पुडी करून पाहिल्या. सोळाही फुकट गेल्या. "बाराव्या पुडीची मात्रा पेशींना सोसली असती तर," ती एकदा हळहळली.

"आत्याबाईला मिशा असत्या तर," आत्या म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

त्या दिवसापासून दुपारचा डबा दोघींचा एकत्र. डॉक्टरने हट्टच धरला की मला अहो-जाहो करायचं नाही. आत्याच्या जिभेला ते वळण पडायला महिना लागला.

सतरावी पूड घातली तेव्हा थाळ्यांतल्या पेशी आक्रसल्या. मेल्या नाहीत, पण अंग चोरून बसल्यासारख्या दिसायला लागल्या. विषाणू सोडायला अजून दोन दिवस होते. आत्याला राहवलं नाही. तिने त्या थाळ्यांतलं अर्धं पाणी काढलं, अर्धं जुनं घातलं, वर पुडीची मात्रा कमी पडू नये म्हणून तेवढी पूडही मोजून घातली. शेजारी बिनपुडीच्या थाळ्या होत्या, तुलनेसाठी ठेवलेल्या. त्यातल्या पेशी मजेत होत्या. त्यांना कशाला काय द्यायचं?

चार दिवसांनी रंग ओतला. बिनपुडीच्या एका थाळीत चौसष्ट डाग, दुसरीत एकाहत्तर. सतराव्या पुडीच्या थाळ्यांत दोन, शून्य आणि तीन.

डॉक्टर त्या थाळ्या प्रकाशासमोर धरून कितीतरी वेळ उभी राहिली. मग पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. मोठे साहेब, जे एरवी उंटावरून शेळ्या हाकायचे, ते स्वतः खाली पेशींच्या खोलीत आले. डॉक्टरच्या नेमणुकीची मुदत वर्षभरात संपत होती. साहेब म्हणाले, हे छापून येऊ दे, मग तुझी कायमची जागा कोण अडवतो ते बघतो. आत्याने घरी जाऊन त्या दिवशी चक्क ताट वाढून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मोतीबिंदू. रुग्णालयाच्या अर्जावर 'सोबत कोण' अशी एक ओळ होती. आत्या ती ओळ तशीच सोडणार होती, तेवढ्यात डॉक्टरने पेन तिच्या हातातून काढून घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, भाची. मग बाहेरच्या बाकावर तीन तास बसून राहिली. आत्या डोळ्यावर पट्टी बांधून बाहेर आली तेव्हा डॉक्टर म्हणाली, "मोजा बरं, किती बोटं?"

"पट्टी आहे गं," आत्या म्हणाली, आणि रडू नको म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी रडली.

आता घोडं इथेच पेंड खायला लागलं. आत्या आठ दिवस रजेवर. तेवढ्यात चौथ्यांदा प्रयोग केला तो शेजारच्या खोलीतल्या सीरमवाल्या बाईंनी. पुडीच्या थाळ्यांत डागच डाग. साठावर. सीरमवाल्या बाईंचं तोंड एवढंसं झालं. मात्रा चुकली असेल, वेळ चुकली असेल, सगळी चौकशी झाली. आत्या परत कामावर आली तसा पाचव्यांदा प्रयोग झाला. डाग दोन.

"आत्याच्या हाताला गुण आहे," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. डॉक्टर तर सगळ्यात मोठ्याने.

आत्याही हसली. पण हातमोजे काढताना ते शब्द तिच्या मनात घोळत राहिले. हाताला गुण म्हणजे काय? सीरमवाल्या बाई काही हलगर्जी नव्हत्या. तेच पाणी, तीच पूड, तोच विषाणू. मग आपला हात असं काय करतो, जे त्यांचा हात करत नाही?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही.

तिने कोणाला काही सांगितलं नाही. तीन थाळ्या घेतल्या, संस्थेच्या स्वच्छ पेशी लावल्या. पूड घातलीच नाही. नुसतं अर्धं जुनं पाणी घातलं, आणि दोन दिवसांनी विषाणू सोडला. इतक्या वर्षांत तिने असं मनापासून कधी मागितलं नव्हतं, की बाबांनो, डाग पडू द्या. भरपूर पडू द्या. रंग ओतून धुतला. थाळ्या गर्द जांभळ्या. पहिलीत एक डाग. बाकीच्या दोन कोऱ्या.

मग तिने आपल्या बाटलीतल्या थोड्या पेशी काचेवर घेतल्या, चमकणारा रंग लावला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. स्वच्छ पेशीत फक्त मधला गाभा चमकतो, भोवती काळोख असतो. तिच्या पेशींत गाभ्याभोवती सगळीकडे बारीक चमकती धूळ पसरली होती. मायकोप्लाझ्मा. इतका बारीक जंतू की पाणी गढूळही होत नाही, पेनिसिलिनलाही तो दाद देत नाही. कधीपासून तिथे होता कोण जाणे. ती ज्याला सोबत समजून वाटत होती, त्यात हा होता. नव्या डोळ्याने सगळं कसं स्वच्छ दिसत होतं.

ती स्टुलावर बसली. न सांगितलं तर? महिन्याभरात ती निवृत्त होणार. डॉक्टरला जागा मिळेल, भाची भाचीच राहील. मग कधीतरी दुसऱ्या कुठल्या संस्थेत कोणीतरी सतरावी पूड वापरून बघेल, आणि डाग पडतील. लोक डॉक्टरला खोटारडी म्हणतील, आणि तिला बिचारीला कळणारसुद्धा नाही की आपलं चुकलं कुठे. सांगितलं तर? सांगितलं तर आजच सगळं संपेल. आयुष्यात एक माणूस मिळालं, आणि तेही आपल्याच हाताने घालवायचं. आत्याला स्वतःचा इतका राग आला की तिने चिमटा ट्रेवर आपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आल्या आल्या तिने तीनही थाळ्या तिच्यासमोर ठेवल्या.

"यात पूड नाही," आत्या म्हणाली. "नुसतं माझं जुनं पाणी आहे."

डॉक्टरला आधी काही उमगेना. मग आत्याने सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. आक्रसलेल्या पेशी, अर्धं पाणी, बिनपुडीच्या थाळ्यांना न दिलेलं, वहीत न लिहिलेलं, बाटलीतला जंतू. सांगून होईपर्यंत डॉक्टरचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पाचही वेळा?" तिने विचारलं.

"चार वेळा. रजेवर होते तेव्हा नाही."

"आत्या, त्या पेशी होत्या. प्रयोगाच्या पेशी. तुम्हाला कोणी सांगितलं होतं त्यांच्यावर माया करायला?"

डॉक्टरने थाळ्या उचलल्या आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढचे दिवस डॉक्टर एकटीने काम करत होती. थाळ्या स्वतः लावायची, पाणी स्वतः बदलायची, आत्याला कशाला हात लावू द्यायची नाही. डबाही आपल्या टेबलावरच खायची. आत्याने आपल्या बाटलीत ब्लीच ओतलं, ते कोणी सांगायची वाट न बघता. गुलाबी पाणी बघता बघता रंग सोडून पांढरं झालं. अठ्ठावीस वर्षांत तिने हजारो बाटल्या अशा मारल्या होत्या, पण या वेळी ती सिंकपाशी जरा जास्त वेळ उभी राहिली, आणि सीरमवाल्या बाईंनी विचारलं तेव्हा डोळ्याचं औषध झोंबतंय म्हणाली.

बाटली मारायच्या आधी डॉक्टरने तिच्यातलं पाणी मागून घेतलं होतं, एवढंच ती काय बोलली. त्या पाण्याचं तिने पुढे काय केलं ते आत्याला भिंतीवरच्या फळ्यावरून कळलं. तो जंतू पाण्यातलं आर्जिनीन खाऊन टाकतो. आर्जिनीन म्हणजे प्रथिनांचा एक घटक. पेशी त्याच्यावाचून काही दिवस तग धरते, विषाणूला मात्र त्याच्याशिवाय स्वतःची नवी शरीरं रचता येत नाहीत. डॉक्टरने जुन्या पाण्याच्या थाळ्यांत वरून आर्जिनीन घातलं, आणि डाग परत आले. एकोणसाठ, त्रेसष्ट, सहासष्ट. सतरावी पूड एकटी घातली तरी तितकेच. म्हणजे पूड बिचारी काहीच करत नव्हती. विषाणू उपाशी पडला होता, एवढंच.

साहेबांनी आत्याला वर बोलावलं. रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं.

"महिनाभरात तुम्ही घरी जाणार होतात," ते म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. बोलायची काय गरज होती?"

"डाग मी मोजले होते, साहेब," आत्या म्हणाली.

साहेबांनी टाचण्यांची डबी इकडून तिकडे ठेवली. कायमच्या जागेचं आता काही खरं नाही, पण डॉक्टरची उरलेली मुदत तिला पुरी करू देऊ, असं म्हणाले. आत्या जिना उतरून खाली आली. डॉक्टरच्या खोलीवरून जाताना तिचा पाय अडखळला. आत डॉक्टर पाठमोरी होती, पिपेटने थेंब मोजत होती. थेंब मोजणाऱ्या माणसाला हाक मारायची नाही, ही आत्याचीच शिकवण. ती पुढे गेली.

निरोपाच्या दिवशी फुलं होती, खाणं होतं, साहेबांचं भाषण होतं. भाषणात ते हाताच्या गुणाबद्दल बोलायला गेले आणि जीभ चावून थांबले. दीडशे भाचे टाळ्या वाजवत होते. डॉक्टर मागच्या रांगेत उभी होती, फोटोच्या आधी निघून गेली. तिच्या गरम कपाटाची वेळ झाली होती, आत्याला माहीत होतं. अगदी मिनिटावर माहीत होतं.

मग सुरू झाले ते रिकामे दिवस. आत्या पहाटे उठायची, अंघोळ करून तयार व्हायची, आणि मग लक्षात यायचं की कोणाचं पाणी बदलायचं नाही. तिने खिडक्या पुसल्या. डबे पुसले. पुसलेले डबे पुन्हा पुसले. औषधाच्या दुकानात जाऊन थेंबांची बाटली मागितली आणि तिच्यावरची बारीक अक्षरं दुकानदाराला वाचून दाखवली. त्याने दोन मिनिटं ऐकून घेतलं, मग मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं. तीन रविवार असे गेले. माणूस गेलं म्हणजे रडून मोकळं होता येतं. इथे तर कोणी गेलं नव्हतं, नुसतं कोणी येत नव्हतं.

चौथ्या रविवारी सकाळी ती भांडी पुसत होती तेव्हा फोन वाजला.

"आत्या, मी बोलतेय."

"बोला, डॉक्टर."

"थाळीत दोन डाग एकमेकांना चिकटलेत. एक धरू की दोन?"

आत्या हातातला चमचा तसाच धरून खुर्चीवर बसली. चार वर्षं डागांत घालवलेल्या बाईला हे ठाऊक नाही, यावर शेंबडं पोरसुद्धा विश्वास ठेवणार नाही.

"कडा दोन दिसतात का?"

"दिसतात."

"मग दोन."

"बरं."

डॉक्टरने फोन मात्र ठेवला नाही. गरम कपाटाचा पंखा घरघरत होता, तो आत्याला इथपर्यंत ऐकू येत होता.

"अजून किती थाळ्या राहिल्यात?" आत्याने विचारलं.

"अकरा."

"मग सांग एकेक," आत्या म्हणाली. "मला काही घाई नाही."